आम्ही नर्मदाकाठी चाललो, तेव्हा घर कोणी सांभाळले?



आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या बचत गटांच्या आम्ही तेरा जणी मागच्या माघात नर्मदेच्या काठाने आठ दिवस पायी चाललो. बरमान घाटापासून जबलपूरच्या ग्वारीघाटापर्यंत. परत आल्यापासून गावोगावच्या बैठकांत आम्हाला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "एवढं चालवलं कसं वो बाई?" आणि दुसरा, जरा हळू आवाजात, "घरी कोण होतं मग?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. रोवणीच्या दिवसांत कंबर वाकवून चिखलात दिवसभर उभी राहणारी बाई पंधरा किलोमीटर चालू शकते, यात नवल नाही. आजचे बोलणे मुख्यतः दुसऱ्या प्रश्नावर आहे. पण आधी ती वाट कोणती, ते थोडक्यात सांगतो.

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि गुजरातमध्ये भरूचच्या पुढे समुद्राला मिळते. तिची लांबी सुमारे १,३१२ किलोमीटर. एका काठाने जायचे आणि दुसऱ्या काठाने परत यायचे, म्हणजे परिक्रमा. दोन्ही काठ मिळून अडीच हजार किलोमीटरांहून जास्त चालणे होते. जुन्या पद्धतीने ती तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांत करतात. नियम ठरलेले आहेत. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. तिचे पात्र ओलांडायचे नाही. येऊन मिळणाऱ्या दुसऱ्या नद्या ओलांडल्या तर चालतात. चातुर्मासात एका जागी थांबायचे आणि कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा निघायचे. ज्यांना सलग जमत नाही, ते तुकड्या-तुकड्यांनी चालतात. त्याला खंड परिक्रमा म्हणतात. आमची तीच होती.

आपल्याकडे पायी यात्रा नवी नाही. महाशिवरात्रीला तुमसर तालुक्यातल्या गायमुखला किती बाया चालत जातात, हे तुम्ही पाहिले आहे. विदर्भातून पचमढीच्या महादेवाला जाणारे आहेत, शेगावहून पालखीबरोबर पंढरपूरला जाणारे आहेत. पण तिथे हजारोंची सोबत असते. नर्मदाकाठी तसे नाही. कधी कधी तासन्‌तास वाटेवर आपण आणि नदी, एवढेच. म्हणून बाईने तिथे निघायचे म्हटले की घरातले सगळे घाबरतात. या वाटेवर मराठी बायका आधीही चालल्या आहेत. भारती ठाकूर यांनी पायी परिक्रमा करून 'नर्मदा परिक्रमा – एक अंतर्यात्रा' हे पुस्तक लिहिले आणि पुढे निमाडात, नदीकाठच्या लेपा गावी मुलांना शिकवण्याचे काम उभे केले. आमच्या एका गटात ते पुस्तक वाचून दाखवले गेले आणि तिथून हा विषय निघाला.

विषय निघाला तो भांडणानेच. एका मैत्रिणीने मासिक बैठकीत तीन हजार रुपयांचे अंतर्गत कर्ज मागितले. कारण विचारले तर म्हणाली, "नर्मदेला जायचं आहे." अर्धी बैठक हसली. आपण कर्ज देतो शेळीला, शिलाई मशीनला, दवाखान्याला, पोराच्या फीला. चालायला कर्ज कसे द्यायचे? त्यातून परतफेड कुठून येणार? दुसऱ्या बाजूने एक मावशी बोलल्या. त्यांनी म्हटले, "लेकाच्या लग्नात मंडपाला कर्ज घेतलं, तेव्हा तुम्ही कोणी विचारलं नाही की मंडपातून काय उत्पन्न येईल." बैठक शांत झाली. दोघींचेही म्हणणे बरोबर होते.

शेवटी ठरले ते असे. गटाच्या मूळ बचतीला हात लावायचा नाही आणि यात्रेसाठी कर्ज द्यायचे नाही. ज्यांना जायचे आहे, त्यांनी वेगळी यात्रापेटी काढायची. महिन्याला १०० रुपये, अठरा महिने. त्याचे रजिस्टर वेगळे, किल्ली वेगळीकडे. तेरा जणींचे १,८०० प्रमाणे २३,४०० रुपये जमले. हिशेब सांगून टाकतो, म्हणजे कोणाला अंदाज हवा असेल तर कामी येईल. बुटांना ८,४५० रुपये गेले. रेल्वे आणि जीपला ६,७६०. औषधपाणी आणि किरकोळ १,१९०. जिथे जिथे मुक्काम केला आणि जेवलो, तिथल्या पेटीत मिळून ४,००० टाकले. उरले ३,०००. त्यांचे काय केले, ते शेवटी सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यात मोठा खर्च बुटांचा? हो. तेरापैकी अकरा जणींनी आयुष्यात बूट घातलेच नव्हते. बांधीत अनवाणी, बाजारात चप्पल, लग्नात सँडल. चाळिशीच्या बाईने दुकानात बसून पायात मोजे चढवले, तेव्हा दुकानातल्या पोराला हसू आले आणि तिलाही आले. पण भेगा पडलेल्या टाचांनी रोज पंधरा किलोमीटर चप्पल घासत गेले, तर तिसऱ्या दिवशी पाय उठत नाही. बूट निघायच्या दीड महिना आधी घेतले आणि रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्याने एक तास चाललो. नवे बूट घालून कोणीही लांबच्या वाटेला निघू नका. फोड येतात, आणि फोड फोडला की जखम चिघळते.

तब्येतीचे दुसरे. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, हे आपल्याला नवे नाही. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, अंगातले पाणी कमी होणे आणि अति दमणूक, या तिन्ही गोष्टी बाधतात. नर्मदाकाठी माघात पहाटेची थंडी कडक असते आणि दुपारी चालून घाम निघतो. म्हणून आधी सगळ्यांनी उपकेंद्रात रक्त तपासून घेतले. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले की रक्तक्षय धरतात. आमच्यातल्या बऱ्याच जणी खालीच होत्या. लोहाच्या गोळ्या सहा महिने आधीपासून नियमाने घेतल्या. एकीला डॉक्टरांनी जाऊ नको म्हणून सांगितले. ती थांबली. तिला वाईट वाटले, आम्हालाही वाटले, पण थांबली.

महिना कसा निवडला, तेही सांगतो. आपल्याकडे बाईला मोकळा वेळ कॅलेंडर देत नाही, धान देते. आषाढ-श्रावणात रोवणी, मग निंदण, दिवाळीच्या पुढे कापणी, मग चुरणे, मग खरेदी केंद्रावर पोत्यांची रांग. मार्चपासून मोहफुले, मेमध्ये तेंदूपत्ता. जिच्याकडे उन्हाळी धान आहे, तिला जानेवारीतही पुन्हा रोवणी. मधल्या फटीत थोडे दिवस मिळतात, ते पौष संपताना आणि माघ लागताना. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती असते. त्या दिवशी ग्वारीघाटावर मोठा उत्सव होतो. पौष अमावास्येला निघून सप्तमीला पोहोचायचे, म्हणजे बरोबर आठ दिवस. जाण्या-येण्याचे दोन धरून घराबाहेर दहा.

आता घर कोणी सांभाळले, ते ऐका.

निघायच्या तीन महिने आधी आम्ही प्रत्येकीला एक कागद दिला. पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत तू काय काय करतेस, ते लिही. जिला लिहिता येत नाही, तिने मुलीकडून लिहून घ्यायचे. एकीच्या कागदावर सत्तावीस कामे आली. पाणी, चूल, गोठा, शेण, म्हशीचे दूध, डेअरीत पोचवणे, सासऱ्याच्या बीपीच्या गोळ्या, धाकट्याचा डबा, लाखोरीच्या शेतावरून चक्कर, बँकेचा हप्ता. तिच्या नवऱ्याने तो कागद पाहिला आणि म्हणाला, "गोळ्या रोज देतेस का? मला वाटलं दादा आपणच घेतात." मैत्रिणींनो, त्या घरात आमचे अर्धे काम त्या एका वाक्याने झाले.

मग कामे वाटली. नवऱ्याने काय करायचे, सासूबाईंना काय जमेल, आणि काय गटातल्या दुसऱ्या बाईने करायचे. चालणारी एक, तर तिच्या मागे घर पाहणारी एक. आम्ही तिला जोडीदारीण म्हणतो. तेरा चालणाऱ्या, तेरा जोडीदारणी. एकच कडक नियम ठेवला. आई यात्रेला गेली म्हणून कोणाच्याही पोरीची शाळा एक दिवसही बुडता कामा नये. आपल्याकडे आई बाहेर पडली की तिच्या जागी आपोआप दहा-बारा वर्षांची पोरगी चुलीसमोर बसते. तसे होणार असेल, तर त्या बाईने यायचे नाही, हे आधीच ठरवले. दोन घरांत पुरुष मंडळींनी खळखळ केली, "पोरगी आहे ना घरी." तिथे जोडीदारणी सकाळी साडेसहाला जाऊन भात लावून यायच्या आणि पोरीला शाळेच्या वाटेला लावूनच परतायच्या.

एक घर अवघड होते. घरचा माणूस प्यायचा. ती बाई म्हणाली, "मी गेली तर तो तांदूळही विकून टाकल." तिच्या घरचे धान्य आणि पैसे गटाच्या सचिवांकडे ठेवले आणि दोन्ही मुले दहा दिवस जोडीदारणीच्या घरी झोपली. ती शेवटच्या दिवसापर्यंत येते की नाही, हे नक्की नव्हते. स्टेशनवर पिशवी घेऊन उभी दिसली, तेव्हा कोणी काही बोलले नाही. तिच्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवली.

भूमिहीन बायांचा प्रश्न वेगळा. त्यांची दहा दिवसांची मजुरी बुडते. रेल्वेच्या तिकिटापेक्षा तो खर्च मोठा आहे, आणि तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. आमच्यात अशा तिघी होत्या. म्हणून निघण्याआधी चुरण्याच्या दिवसांत जिच्या घरी मजूर लागत होते, तिने या तिघींना आधी बोलवायचे, असे ठरवून दिले. पूर्ण भरपाई झाली नाही. पण हातात थोडे पैसे ठेवून त्या निघू शकल्या.

आता वाट.

आम्ही गोंदियाहून जबलपूरची गाडी धरली. पूर्वी इथे छोटी लाईन होती, आता मोठी झाली. बालाघाटपर्यंत आपली वैनगंगा सोबतीला असते. ती सिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याजवळ निघते आणि फिरून आपल्याकडे येते. गाडी सातपुडा चढून पलीकडे उतरली की पाण्याची दिशा बदलते. तिकडचे ओढे नर्मदेला जातात. एकाच डोंगराच्या दोन उतारांवरचे पाणी, एक आपल्या धानाला येते आणि एक त्यांच्या गव्हाला जाते. जबलपूरहून करेली, करेलीहून जीपने बरमान. पुलाने उत्तर काठावर जाऊन संकल्प सोडला. छोट्या बाटलीत नर्मदेचे पाणी घेतले आणि नदी उजव्या हाताला ठेवून पूर्वेकडे निघालो.

पहिले चार-पाच दिवस सपाटी. काळी जमीन, गहू, हरभरा, मसूर, आणि जबलपूर जवळ येईल तसा मटार. आपल्यासारख्या बांध्या नाहीत. एकसारखे हिरवे पसरलेले पाहून आमच्यातल्या बाया आधी शेतातच उतरल्या, हाताने माती चोळून पाहिली. काठ मात्र सरळ नाही. पावसाच्या पाण्याने कापलेल्या खोल घळी आहेत. एका घळीत उतरायचे, पलीकडे चढायचे, पुन्हा उतरायचे. नकाशावर जवळ दिसणारे गाव पायाला दूर पडते. उत्तरेकडून हिरन नदी येऊन मिळते, ती ओलांडून पुढे गेलो.

भेडाघाट आला तशी जमीन बदलली. इथे नर्मदा पांढऱ्या खडकाच्या अरुंद दरीतून वाहते. हा संगमरवर. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच. कोट्यवधी वर्षे जमिनीखालच्या दाबाने आणि उष्णतेने ती बदलली, कठीण आणि चमकदार झाली. पानाला लावायचा चुना, भिंतीला मारायची सफेदी आणि हा डोंगर, सगळे एकाच घरचे. आपल्या तुमसर-रामटेकच्या पट्ट्यातही, जिथे चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीज निघते, तिथल्या जुन्या खडकांच्या थरांत असाच संगमरवर आहे. तुमसरकडची एक मैत्रीण दगड हातात घेऊन म्हणाली, "हा तर आमच्याकडचाच." बाकीच्या हसल्या, पण तिचे फार चुकले नव्हते.

चुनखडीच्या डोंगराळ भागात चालणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. पावसाचे पाणी या दगडाला हळूहळू विरघळवते. त्यात फटी आणि पोकळ्या होतात, आणि पाणी वरून वाहण्याऐवजी आत उतरते. म्हणून अशा टेकड्यांवर ओढे लवकर आटतात. सकाळी निघताना बाटल्या भरून घ्या, पुढे झरा लागेल या भरवशावर राहू नका. विहिरीचे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजता शिजत नाही. डाळ रात्रीच भिजत घातली की काम सोपे होते. ओला संगमरवर तेल सांडल्यासारखा निसरडा असतो, तिथे घाई नको.

भेडाघाटला धुवांधार धबधबा आहे. पाण्याचे इतके तुषार उडतात की धूर निघाल्यासारखे वाटते. पर्यटक दरीत नावेत बसून फिरतात, धबधब्यावरून पलीकडे जायला रोपवेही आहे. आमच्यातल्या दोघी-तिघींना नावेत बसायचे होते. एवढ्या लांब आलो, पुन्हा कधी येणार? पण रोपवेने गेले तर पात्र ओलांडले जाते, आणि परिक्रमावासी नदीच्या पात्रात नावेतही बसत नाहीत. तिथेच खडकावर बसून बैठक घेतली आणि हात वर करून ठरवले. नियम पाळायचा. दरी वरूनच पाहिली. पांढरे, राखाडी, कुठे गुलाबी खडक, आणि खाली हिरवे संथ पाणी.

जवळच टेकडीवर चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. कलचुरी राजांच्या काळातले, सुमारे हजार वर्षांपूर्वीचे. मोठे गोल आवार, आणि त्याच्या कडेने ओळीने बसलेल्या दगडी बाया. बऱ्याच मूर्ती भंगलेल्या आहेत. तरीही एकीसारखी दुसरी नाही. आमच्या मावशी एकेकीसमोर थांबत पूर्ण फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "ही तर मोठी बैठक भरली आहे."

पुढे लम्हेटा घाट लागतो. आपल्याला तो घाट, पण भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव जगभर माहीत आहे. इथल्या चुनखडीच्या आणि वाळूच्या थरांना त्यांनी 'लमेटा' असेच नाव दिले आहे. याच जबलपूर भागात १८२८ साली विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला मोठी हाडे सापडली. भारतात डायनासोरचे अवशेष पहिल्यांदा मिळाले ते हे. गावी येऊन आम्ही हे शाळेत सांगितले, तेव्हा यात्रेच्या सगळ्या गोष्टींपेक्षा पोरांना तीच जास्त आवडली. तिथून तिलवारा घाट. त्याच भागात १९३९ साली सुभाषबाबूंच्या वेळचे त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. आणि मग ग्वारीघाट.

या वाटेवर खायचे काय आणि राहायचे कुठे? आश्रम, धर्मशाळा, मंदिरे, कधी एखाद्या शेतकऱ्याची पडवी. कुठे तयार जेवण मिळते, कुठे सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा शिधा देतात आणि आपण रांधायचे. आपण भात खाणारी माणसे. तिकडे गव्हाचे जाड टिक्कड. तिसऱ्या दिवशी एकीने स्वप्नात भात पाहिला. पाचव्या दिवशी एका घरी खिचडी मिळाली तर सगळ्या दोनदा जेवल्या.

पण आम्ही बाया आहोत, आमची नजर आधी चुलीकडे जाते. "नर्मदे हर" म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला जेवण मिळते, याचे कौतुक सगळे करतात. त्या जेवणामागे कुठल्यातरी घरातली सून पहाटेपासून पीठ मळत असते. यात्रेकरू पाच येतील की पन्नास, तिला माहीत नसते. आम्ही ठरवून टाकले की पोचल्यावर पाय धुवायचे आणि आधी स्वयंपाकघरात जायचे. चार जणी पोळ्या लाटायला, दोघी भांड्यांना. काही ठिकाणी त्यांना संकोच वाटला. परिक्रमावासीकडून काम करून घेत नाहीत म्हणाल्या. मग बोलता बोलता त्यांनीच पीठ पुढे सरकवले. एका घरच्या सुनेने विचारले, "तुम्ही सगळ्या निघून आलात, मग तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?" तिकडेही तोच प्रश्न. जोडीदारणींची गोष्ट आम्ही तिला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितली. तिने लाटणे थांबवून पूर्ण ऐकून घेतली.

या वाटेवर बाईला माताराम म्हणतात. नवरा कोण, जात कोणती, गळ्यात काय आहे, हे आधी विचारत नाहीत. आमच्यात एक मैत्रीण आहे, तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. संक्रांत ते रथसप्तमी आपल्याकडे हळदीकुंकवाचे दिवस. गल्लीतल्या सगळ्या बाया नटून निघतात आणि ही दार लोटून घरात बसते. आपल्या गटातही असेच चालत होते, हे आपल्याला माहीत आहे. या वर्षी त्याच दिवसांत ती वाटेवर होती. एका खेड्यात म्हातारीने ओळीने सगळ्यांना टिळा लावला, हिलाही लावला, आणि "माताराम, आशीर्वाद दो" म्हणून हिच्याच पाया पडली. आमची नर्मदा जयंती आणि रथसप्तमी एकाच दिवशी. ग्वारीघाटावर दिवे सोडताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी गटाचं हळदीकुंकू माझ्या घरी." आम्ही हो म्हटले आहे. रेडिओवर सांगून टाकले आहे, आता मागे फिरता येणार नाही.

पाळीबद्दल बायका हमखास विचारतात, म्हणून मोकळेपणाने सांगतो. दोघींना वाटेत पाळी आली. काही ठिकाणी जुने लोक अशा बाईने देवळात किंवा स्वयंपाकघरात येऊ नये असे मानतात. आम्ही कुठे वाद घातला नाही आणि कुठे जाहीरही केले नाही. जिला पोटात दुखते तिने बसायचे, तिच्याबरोबर एकीने थांबायचे, दुपारून दोघींनी जीपने येऊन गाठायचे. जिला चालवते तिने चालायचे. वापरलेले पॅड नदीत किंवा काठावर टाकायचे नाही. कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवायचे आणि मोठ्या गावात नीट टाकायचे.

सुरक्षिततेचे चार नियम पाळले. दुपारी चारच्या पुढे चालायचे नाही. दोघी पुढे, दोघी शेवटी, आणि शेवटचीला मागे टाकून कोणी जायचे नाही. दोन फोन बंद ठेवायचे, म्हणजे कायम चार्ज असतात. अडचण आली तर ११२ नंबर. प्रत्येकीच्या पिशवीत आधार कार्डाची प्रत, आणि गावाचे नाव व घरचा नंबर लिहिलेला कागद. आठ दिवसांत ११२ लावायची वेळ आली नाही. एका संध्याकाळी एक माणूस बराच वेळ मागे मागे येत राहिला. आम्ही तेराही थांबलो, वळलो आणि त्याच्याकडे पाहत उभ्या राहिलो. तो दुसऱ्या वाटेने गेला.

परत आल्यावर घरे जागेवर होती. काही डबे करपले होते, एक म्हैस दूध कमी देत होती, एका घरात पोरांनी तीन दिवस फक्त आलूची भाजी खाल्ली होती. ज्याने बायकोचा कागद वाचला होता, तो सासऱ्याच्या गोळ्या अजून स्वतः देतो. ज्या घरात माणूस प्यायचा, तिथे तो बदललेला नाही. ती बाई मात्र आता बैठकीत बोलते, आणि तिचे धान्य अजूनही सचिवांकडेच ठेवते.

उरलेल्या ३,००० रुपयांवर पुन्हा बैठक झाली. कोणी म्हणाले, तेरा जणींत वाटून घ्या. कोणी म्हणाले, सत्यनारायण घाला. शेवटी ते जोडीदारणींच्या नावावर टाकले. त्यांची यात्रापेटी सुरू झाली आहे. त्या चालतील, तेव्हा ग्वारीघाटापासून पुढे मंडल्याकडे जातील, आणि आम्ही तेरा जणी त्यांच्या घरी सकाळी साडेसहाला भात लावायला असू. वाटणीचा कागद तयार करायला घेतला आहे.

मैत्रिणींनो, सगळ्यांनी नर्मदेलाच जावे असे नाही. कोणाला माहेरी चार दिवस राहायचे असेल, कोणाला प्रशिक्षणाला जायचे असेल, कोणाचे ऑपरेशन दोन वर्षे याच एका कारणाने अडले असेल की घरी कोण पाहील. पुढच्या बैठकीत बचत आणि परतफेड झाली की एक काम करा. प्रत्येकीला एक कागद द्या आणि दिवसभराची कामे लिहायला सांगा. मग तो कागद घरी नेऊन मोठ्याने वाचा. किती कामे आली, ते आम्हाला रेडिओवर जरूर कळवा.

नमस्कार. नर्मदे हर.